टाके मोजणारी माणसं

पणजीच्या कदंब स्टँडवरून पेडण्याला निघालेल्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोन भाऊ बसले होते. थोरल्याच्या मांडीवर एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी. ती मावत नव्हती, म्हणून त्याने उभी धरली होती. धाकटा मोबाइलवर फोटो दाखवत होता: मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालेलं बहिणीचं डोकं, आणि कानाच्या पुढून निघून केसांच्या रेषेत वर गेलेली टाक्यांची रांग. त्याने बोट ठेवून टाके मोजले आणि हळूच विचारलं, "पैसे नाय म्हणान बायेचां डोक्यां फोडल्यानी काय रे?" शेजारच्या खाटेवरच्या बाईची गाठ नाकातून काढली होती. बाहेरून एक टाका दिसत नव्हता आणि ती चौथ्या दिवशी घरी गेली होती. थोरला काही बोलला नाही. म्हापसा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या प्रश्नातला संशय टोचत राहतो, कारण तो उगाच आलेला नाही. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया यांची ऑपरेशनं 'दुर्बिणीतून' होतात हे आता वाड्यावाड्यावर माहीत आहे. पोटाला तीन भोकं, दोन दिवसांत घर, आठवड्यात कामावर. लहान भोक म्हणजे चांगलं आणि बहुधा महाग, मोठा छेद म्हणजे जुनं आणि गरिबांसाठी, असा हिशेब लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. पोटाच्या बाबतीत त्यात तथ्यही होतं. पण पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोकळी फुगवता येते, दुर्बिणीला आणि हत्यारांना जागा करून देता येते. कवटी फुगत नाही. आत मेंदू, रक्त आणि पाणी गच्च भरलेलं असतं, आणि गाठीने त्यातली जागा आधीच खाल्लेली असते. शिरायचं तर जागा आतूनच मोकळी करावी लागते, आणि ती किती मोकळी होईल हे कातडीवरचा छेद ठरवत नाही.

म्हणून आधी त्या 'फोडण्याबद्दल' नीट सांगायला हवं. तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात जे उभं करतो तसं तिथे काहीच घडत नाही. भूल दिल्यावर डोकं तीन टोकांच्या चिमट्यात पक्कं धरतात. मोठ्या माणसासाठी दाब साधारण 60 पौंड ठेवतात. टोकं कातडीतून हाडाच्या बाहेरच्या थरात रुततात, आणि म्हणूनच ऑपरेशननंतर कपाळावर किंवा कानामागे एखादी बारीक जखम दिसते, जिच्याबद्दल नातेवाईक घाबरून विचारतात की इथे काय लागलं. मग नेव्हिगेशन. एक-एक मिलिमीटरच्या कापांचा एमआरआय संगणकात घालून चेहऱ्यावरच्या खुणांशी जुळवतात, की मग हातातल्या सळईचं टोक पडद्यावर गाठीच्या जागी दिसतं. छेद घेतला की डोक्याची कातडी भळभळा वाहते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या घट्ट तंतूंमध्ये ताणून धरलेल्या असतात, कापल्या तरी आक्रसून मिटत नाहीत. त्यासाठी कडेला प्लास्टिकच्या क्लिपा लावत जातात. हाडाला भोक पाडणारं ड्रिल आतला थर पार होताच आपोआप थांबतं. त्या भोकातून दुसरं कापणारं यंत्र आत सरकवतात. त्याच्या टोकाशी एक छोटा पाय असतो, तो ड्युरा नावाचं जाड आवरण खाली दाबत पुढे जातो आणि हाडाचा तुकडा एकसंध निघतो. वयस्कांत ड्युरा हाडाला चिकटलेला असतो, तिथे तो फाटू शकतो. हे पुष्कळदा होतं, आणि सांभाळताही येतं.

छेद घेण्याच्या सुमारास 20 टक्के मॅनिटॉल शिरेतून सुरू झालेलं असतं, वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम. ते मेंदूतलं पाणी खेचून लघवीवाटे बाहेर काढतं, म्हणून लघवीची नळी आधीच घातलेली असते. डोकं छातीपेक्षा थोडं वर, मान अशी वळवलेली की गळ्याच्या शिरा दबू नयेत, आणि भूलतज्ज्ञाचं लक्ष श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर. हे सगळं जमलं की ड्युरा उघडल्यावर मेंदू शांत बसलेला दिसतो. नाही जमलं तर तो भोकातून वर येऊ पाहतो, आणि मग भोक जितकं लहान तितकी कडेवर मेंदू चिरडण्याची भीती जास्त. लहान छेदाचा हट्ट धरणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा ऐकायला हवं.

गाठ आधी आतून पोखरतात. अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी ती फोडून लगेच ओढून घेणारं यंत्र वापरतात, आणि पोकळ झालेलं कवच आत दुमडत मेंदूपासून अलग करतात. शेपटीसारखा दोरा असलेले कापसाचे चिमुकले तुकडे मेंदूवर ठेवत जातात. शेवटी ते मोजतात, आणि मोजणी जुळेपर्यंत डोकं बंद होत नाही. मग ड्युरा पाणी झिरपणार नाही असा शिवतात, हाड टायटॅनियमच्या पट्ट्या आणि बारीक स्क्रूंनी परत बसवतात. या पट्ट्या पुढे एमआरआयला आड येत नाहीत, विमानतळावर आपल्याला बाजूला घेतील का, ही भीतीही ठेवायचं कारण नाही.

नातेवाइकांना खरा धक्का बसतो तो दुसऱ्या दिवशी. कपाळाच्या किंवा कानशिलाच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूचा डोळा सुजून पार मिटतो, निळा-काळा होतो. दोन-तीन दिवसांत सूज उतरू लागते. कानशिलाचा चावण्याचा स्नायू सोडवून परत शिवलेला असल्याने तोंड पूर्ण उघडत नाही, जेवताना दुखतं. काही आठवडे पेज, मऊ भात, आणि तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम. हे कुणी आधी सांगितलं नसेल तर आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी 'काहीतरी बिघडलं' असं म्हणतोच. आणि केस. आता बहुतेक ठिकाणी छेदाच्या रेषेपुरती बोटभर पट्टीच काढतात. तरीही अबोलीचा वळेसर माळणारी बाई ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरला पहिला प्रश्न केसांचाच विचारते, आणि तो प्रश्न क्षुल्लक समजून पुढे जाणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

आता नाकाची वाट. ती नवी आहे हाच पहिला गैरसमज. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकाच्या वाटेने पहिल्यांदा 1907 साली इन्सब्रुकमध्ये हर्मन श्लोफर यांनी काढली. हार्वी कुशिंग यांनी ती वाट पुष्कळ वापरली आणि पुढे सोडून ते कवटी उघडण्याकडे वळले, कारण त्या खोल, अंधाऱ्या जागेत उजेड आणि नजर पुरत नव्हती. एडिनबरोचे नॉर्मन डॉट ती कुशिंगकडून शिकले होते. त्यांनी ती टिकवली, त्यांच्याकडून पॅरिसचे जेरार गियो शिकले, गियोंकडून माँट्रियलचे ज्यूल्स हार्डी. हार्डी यांनी 1960च्या दशकात तिथे सूक्ष्मदर्शक नेला. दुर्बीण आली 1990च्या दशकात. म्हणजे जिला आपण आज आधुनिक म्हणतो ती वाट शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि एकेकाळी जाणत्या सर्जनांनी रुग्णाच्या भल्यासाठीच ती टाकली होती.

दुर्बीण 4 मिलिमीटर जाडीची, सरळ बघणारी. कोपऱ्यात डोकावायला 30 आणि 45 अंशांच्या भिंगांच्या वेगळ्या. बहुधा कान-नाक-घशाचा सर्जन दुर्बीण धरतो, न्यूरोसर्जन दोन्ही हातांनी काम करतो, दोन नाकपुड्या आणि चार हात. अॅड्रेनलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्यांनी आतली त्वचा आधी आक्रसवून घेतात, नाहीतर भिंग दर मिनिटाला रक्ताने माखतं. मधल्या पडद्याचा मागचा थोडा भाग काढतात, त्यामागची हाडातली पोकळी (सायनस) उघडतात. तिच्यात बारीक पडदे असतात. त्यांपैकी एखादा मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीवरच्या हाडाला थेट जाऊन टेकलेला असू शकतो. तो पिरगाळून तोडला तर धमनी फाटू शकते, म्हणून एमआरआय असला तरी सायनसचा सीटी स्कॅन लागतोच. पिट्युटरीच्या हाडाचा तळ उघडून ड्युरा कापला की साधी गाठ आडसराच्या (शहाळ्याच्या) मलईइतकी मऊ निघते, गोल कड्याच्या हत्याराने खरवडता येते. इथे क्रम सांभाळावा लागतो. आधी खालची आणि बाजूंची गाठ, वरची सगळ्यात शेवटी. वरची आधी काढली तर वरचा पातळ पडदा खाली लोंबतो आणि मागे राहिलेला तुकडा झाकून टाकतो. सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये दिसणारा 'उरलेला भाग' पुष्कळदा अशा क्रमाच्या चुकीतून आलेला असतो.

नाकाच्या वाटेचं खरं मोठेपण मला वाटतं ते एकाच गोष्टीत: मेंदूला हात लावावा लागत नाही. पिट्युटरीची गाठ मेंदूच्या खाली असते. वरून जायचं तर मेंदू बाजूला धरावा लागतो, डोळ्याच्या नसांच्या मधून हत्यार न्यावं लागतं. खालून गेलं तर गाठच आधी भेटते.

टाका दिसत नाही म्हणून जखम नाही असं मात्र नाही. तिथे कवटीच्या तळाला भोक पडलेलं असतं. मेंदूभोवतीचं पाणी त्यातून गळलं तर नाकातले जंतू वर चढायला वाट मिळते आणि मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा संसर्ग, होतो. पोटाची किंवा मांडीची चरबी, मांडीचं तंतुमय आवरण, आणि 2006 पासून नाकाच्या मधल्या पडद्यावरची, स्वतःचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून फिरवलेली त्वचेची झडप यांनी ते भोक बुजवतात. या झडपेनंतर मोठ्या ऑपरेशनांतलं गळणं पुष्कळ कमी झालं. तरी घरी गेल्यावर पुढे वाकलं की नाकातून एका बाजूने स्वच्छ पाणी टपटपत असेल, किंवा घशात खारट चव येत असेल, तर ते सर्दी समजून वाफ घेत बसायचं नाही. पावसाळ्यात ही चूक घरोघरी होते. शिवाय नाकात महिना-दोन महिने खपल्या धरतात, मिठाच्या पाण्याने रोज धुवावं लागतं, आणि वास कमी होतो. बहुतेकांचा परत येतो, काहींचा येत नाही. आयुष्यभर सुकं मासळी आणि कोकमाच्या वासात रांधलेल्या बाईला वास जाणं म्हणजे काय, हे संमतीच्या कागदावर एका ओळीत छापलेलं असतं.

आणि सगळ्याच गाठी पिट्युटरीच्या नसतात. पिट्युटरीच्या सगळ्या गाठी कापायच्याही नसतात. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) बनवणारी गाठ बहुतेक वेळा आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळीने आकसते, म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी प्रोलॅक्टिनची रक्तचाचणी झालेली असलीच पाहिजे. गाठ फार मोठी असेल आणि आकडा अनपेक्षितपणे कमी आला, तर प्रयोगशाळेला नमुना पातळ करून परत तपासायला सांगावं लागतं. प्रोलॅक्टिन इतकं जास्त असतं की चाचणीच फसते. एवढ्या एका चाचणीने नाक आणि कवटी दोन्ही वाचतात.

त्या भावाने दाखवलेला छेद कानापुढून केसांच्या रेषेत जाणारा होता. तसा छेद घेतात तो कानशिलामागच्या आतल्या हाडाजवळ, कॅरोटिडच्या बाहेरच्या अंगाला बसलेल्या गाठींसाठी. नाकातून तिथे पोचायचं तर कॅरोटिड आणि डोळ्याची नस ओलांडून जावं लागेल. एक ढोबळ नियम सर्जन पाळतात: नस किंवा मोठी धमनी ओलांडून गाठीकडे जायचं नाही. गाठ त्यांच्या ज्या बाजूला, वाटही त्याच बाजूने. मेनिंजिओमा असेल तर आणखी एक गोष्ट. ही गाठ ड्युरातून उगवते, आणि नुसती गाठ खरवडून भागत नाही. डोनाल्ड सिम्प्सन यांनी 1957 साली मांडलेला हिशेब आजही सांगतात: गाठीबरोबर तिचा ड्युरा आणि धरलेलं हाडही काढलं तर ती परत येण्याचं प्रमाण 9 टक्के, ड्युरा न काढता नुसता जाळला तर 19 टक्के. बाजूच्या मेनिंजिओमाला लहान खिडकीतून हा ड्युरा दिसलाच नाही तर वाचवलेल्या चार टाक्यांची किंमत पाच-दहा वर्षांनी दुसऱ्या ऑपरेशनने मोजावी लागते. कपाळामागच्या मधल्या गाठीला भुवईतून जाण्याची पद्धतही आहे. जर्मनीतल्या माइन्झचे अॅक्सेल पेर्नेत्स्की यांनी ती रुळवली. भुवईत तीन-चार सेंटिमीटरचा छेद, हाडाची खिडकी जेमतेम अडीच सेंटिमीटर. फार सुंदर काम होतं त्यातून. पण कपाळाचा सायनस मोठा असेल तर तो उघडतो आणि पाणी गळतं, भुवईवरची नस दुखावली तर कपाळ बधिर राहतं, आणि आत जोराचा रक्तस्राव झाला तर रक्त ओढून घेणारं सक्शन आणि रक्तवाहिनी जाळून बंद करणारा बायपोलर चिमटा ही दोन हत्यारं एकाच वेळी नीट फिरवायला जागा उरत नाही. अनुभवी माणूस म्हणूनच कातडी रंगवताना मोठ्या छेदाची रेघही आखून ठेवतो. मला अशा सर्जनवर जास्त विश्वास वाटतो.

ग्लिओमाचं तर गणितच वेगळं. ही मेंदूतूनच उगवलेली, मेंदूत मुरलेली गाठ. तिथे नाक नाही, भुवई नाही. प्रश्न असतो किती निघेल आणि काय वाचेल. भुलीच्या साधारण तीन तास आधी 5-एएलए नावाचं औषध किलोमागे 20 मिलिग्रॅम पाण्यातून प्यायला दिलं, तर निळ्या प्रकाशात जोरात वाढणारी गाठ लालसर गुलाबी चमकते. 2006 साली जर्मनीतून आलेल्या अभ्यासात हे औषध दिलेल्यांपैकी 65 टक्क्यांची एमआरआयमध्ये उजळ दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या प्रकाशात 36 टक्क्यांची. औषध घेतलेल्याला नंतर दिवसभर कडक उन्हापासून लांब ठेवावं लागतं. आणि गाठ भाषेच्या भागाजवळ असेल तर रुग्णाला मध्ये जागं करतात. मेंदूला वेदना कळत नाहीत, कातडी आणि ड्युरा बधिर केलेले असतात. सर्जन विजेचा हलका स्पर्श करत जातो आणि समोरचा माणूस चित्रं दाखवत राहतो: माड, होडी, कोयता. शब्द अडला की ती जागा सोडायची. गोव्यात हे काम अवघड होतं ते भाषांमुळे. माणूस घरी कोंकणी बोलतो, शाळा मराठीतून झालेली, कचेरीत इंग्रजी, एखाद्या म्हाताऱ्याची पोर्तुगीज. दोन भाषांच्या जागा मेंदूत पूर्णपणे एकमेकींवर बसतातच असं नाही. एका भाषेत तपासून मोकळी वाटलेली जागा दुसरीत अडू शकते. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक भाषेत चित्रांची तालीम घ्यायला हवी, आणि आपला माणूस भांडताना, प्रार्थना करताना, हिशेब करताना कोणती भाषा बोलतो हे घरच्यांनी आपणहून सांगायला हवं. इथे छेद मोठा असतो, आणि माणसाची बोली वाचवण्यासाठीच तो तेवढा घेतलेला असतो.

मग पैशांचा प्रश्न खोटा होता का? वाट ठरवण्यात पैसा येत नाही, यायला नको. पण तो आधी कुठेतरी येऊन गेलेला असतो. डोकेदुखी आणि सकाळच्या उलट्यांवर सहा महिने गोळ्या खाल्लेल्या असतात, दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालेलं असताना चष्म्याचा नंबर तीनदा बदललेला असतो, एमआरआयची तारीख पुढे गेलेली असते. तोवर गाठ वाढत जाते, कॅरोटिडला विळखा घालते, आणि ज्या गाठीला लहान वाट चालली असती तिला मोठीच लागते. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड किंवा सिंधुदुर्गाकडून आलेल्यांची महात्मा फुले योजना ऑपरेशनच्या खर्चात आधार देते, गेलेला काळ भरून देत नाही. त्या धाकट्या भावाच्या रागाला जागा आहे, फक्त ती टाक्यांमध्ये नाही.

सर्जनसमोर बसल्यावर विचारायचं ते हे. गाठ मोठ्या धमनीच्या आणि डोळ्याच्या नसेच्या कोणत्या बाजूला आहे? या वाटेने मेंदू किती बाजूला धरावा लागेल? पूर्ण काढायचा बेत आहे की मुद्दाम थोडी ठेवणार, आणि ठेवली तर पुढे किरणोपचार का नुसती पाळत? अशी ऑपरेशनं इथे नेहमी होतात का? आत रक्तस्राव झाला तर पुढचं पाऊल काय? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही, तो फिल्म उजेडावर धरून बोट ठेवून दाखवतो.

घरी आल्यावरचं शेवटचं. कवटी उघडलेल्याची पहिली धास्ती रुग्णालयातच संपते, कारण आतल्या रक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका पहिल्या सहा तासांत असतो. घरी फिटची गोळी चुकवायची नाही, स्कूटर डॉक्टर सांगेपर्यंत बंद. नाकातून झालेल्याची परीक्षा मात्र बहुधा घरीच होते. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, पोहणं बंद, आणि तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) असेल तर बोटीची तारीख आली म्हणून विमानात बसायचं नाही, सर्जनने कवटीत हवा उरली नाही हे पाहून लिहून दिल्यावरच. पहिल्या दिवसांत तासाला पाव लिटरहून जास्त लघवी सलग दोन-तीन तास होऊ लागली तर लगेच सांगायचं. त्याच्या उलट, चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातलं सोडियम घसरतं. माणूस मलूल होतो, मळमळतं, डोकं दुखतं, असंबद्ध बोलतो, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, शहाळ्याचं पाणी द्या. ते पाणी भरमसाट पाजल्याने सोडियम आणखी उतरतं. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर सातव्या दिवसाची सोडियमची चाचणी लिहिलेली आहे का ते निघण्याआधी पाहावं, नसेल तर लिहून घ्यावी. पेडणे, सत्तरी, काणकोण, दोडामार्ग, कुठेही राहत असलात तरी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा लॅबमध्ये ते रक्त सकाळीच द्यायचं, रिपोर्ट त्याच दिवशी मागून घ्यायचा, आणि आकडा 130च्या खाली असेल तर सर्जनला फोन करून त्याच रात्री निघायचं.